एकाच जागी उडणारा पक्षी

माझ्या फोटोंत एक पक्षी असायचा. आकाशात, डावीकडे वर, किंचित धूसर. ओळखीपाळखीचे लोक म्हणायचे, "तो पक्षी काय मस्त टिपलाय!" मीही कौतुक खाली पडू देत नसे. "बराच वेळ ताटकळावं लागलं हो," असं म्हणून घ्यायचो. तीन सहली हे झकास चाललं. मग लेकीने डोंगर, समुद्र आणि किल्ला असे तीन फोटो पटापट पुढे सरकवले आणि विचारलं, "बाबा, हा पक्षी सगळीकडे एकाच जागी कसा उडतो?"

फोटो बदलला तरी डाग जागचा हलत नाही, म्हणजे धूळ सेन्सरवर, कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर. हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. ही धूळ मोठी लबाड. एफ/२.८ वर, म्हणजे भिंगाचं छिद्र मोठं असताना, चहूकडून प्रकाश येतो, कणाची सावली विरून जाते आणि डाग बेपत्ता. एफ/१६ वर, म्हणजे छिद्र बारीक करून, निसर्गचित्र काढायला घ्या, की साहेब हजर! खात्रीसाठी मी एफ/२२ वर कोऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस घालवून फोटो काढला. एक पक्षी कसला, सात होते. थवाच!

तोंडाने फुंकर मारू नये, हे मला माहीत होतं. तरीही मारली. डोळ्यात कचरा गेला, गुडघा फुटला, दूध तापलं, सगळ्यावर एकच इलाज करत मोठा झालेला माणूस मी. फुंकरीसोबत लाळेचे बारीक तुषारही जातात, हे भिंतीच्या पुढच्या फोटोने दाखवून दिलं. सातचे एकोणीस झाले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, आणि फुफाटाही शेवटी धूळच.

मग रबरी फुग्याचा ब्लोअर आणला. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण साफसफाई चालू असताना कॅमेऱ्याने डोळे मिटले तर सेन्सर उघडा करायला वर गेलेला आरसा खाली येतो. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे, म्हणजे उडालेली धूळ खाली पडेल. थोडक्यात, कॅमेरा डोक्यावर धरायचा, मान मागे टाकायची आणि खालून वर फुगा दाबायचा. उडालेली धूळ कुठे पडते? माझ्या डोळ्यात.

त्यातून सेन्सरवर चित्र उलटं पडतं. म्हणून मी डावीकडचा वरचा डाग उजवीकडे खाली शोधत बसलो. दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला, की आपण सेन्सरकडे समोरून बघतो, त्यामुळे डावं डावंच राहतं, फक्त वरचं खाली जातं. तोवर मी एका निरपराध कोपऱ्यावर शंभरेक फुगे दाबले होते.

फुग्याने बारा डाग गेले. उरलेले सात चिकट. त्यांना स्वॅब, म्हणजे पुसायची मऊ टोकाची काडी. ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर, म्हणून २४ मिलिमीटर रुंदीचा स्वॅब. त्यावर द्रावाचे दोन थेंब, एका बाजूने एकच हात फिरवायचा, मग स्वॅब उलटून दुसऱ्या बाजूने परत. खरं तर आपण पुसतो ती सेन्सरच्या पुढची फिल्टरची काच, सेन्सर नव्हे. हे मी हाताला चार वेळा समजावलं. हात थरथरायचा तो थरथरलाच. पंखा बंद, खिडक्या बंद, श्वासही जवळजवळ बंद. नेमकी तेव्हा बायको दारात आली. "काय हो, कपाटावरची धूळ पुसा म्हणून गेला महिनाभर सांगतेय." मी मान हलवली नाही. हलवली असती तर स्वॅब हलला असता.

भिंतीचा फोटो. डाग एक! उजवीकडे, मधोमध. नवा स्वॅब, पुन्हा फोटो. डाग तिथेच. तिसरा स्वॅब, चौथा स्वॅब. सहाच्या सहा स्वॅब संपले, हा बेटा मात्र ढिम्म. डाग जागचा हलत नाही म्हणजे सेन्सरवर, हा नियम मी आता झोपेतही म्हणू शकत होतो. काचेवर ओरखडा तर नाही पडला? पोटात गोळा आला. धुळीनेच मला धूळ चारली म्हणायची.

लेक येऊन शेजारी बसली. तिने फोटो मोठा केला, डावीकडे ओढला. उजवीकडे ओढला. भिंत सरकली, डाग सरकला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, ओढणीचं टोक बोटावर गुंडाळलं आणि कॉम्प्युटरचा पडदा पुसला.