घोरणाऱ्याला नशीबवान म्हणू नका

घोरणाऱ्या माणसाला आपल्याकडे नशीबवान समजतात. "बघा कसा ढाराढूर झोपलाय, डोक्याला काही ताप नाही!" गणपतीत माजघरात ओळीने अंथरुणं पडतात आणि सकाळी चहाबरोबर कोण किती घोरलं याच्या नकला होतात. मला आता हे ऐकवत नाही, म्हणून स्पष्टच लिहितो.

माझा मोठा भाऊ टेम्पो चालवतो. आंब्याच्या हंगामात देवगडहून पेट्या भरून निघायचं, रात्रभर हायवे कापायचा आणि वाशी मार्केटला गाडी लावायची. त्याला विचारूनच हे लिहितोय. म्हणाला, "लिव बिनधास्त. लायनीत माझ्यासारखे खूप आसत."

दादाला पडल्या पडल्या झोप लागते याचं आईला फार कौतुक. वहिनी मात्र वेगळंच सांगायची. घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो. छाती वरखाली होते, पण नाकातोंडातून वारा नाही. मग बुडणारा माणूस पाण्याबाहेर यावा तसा मोठ्याने श्वास ओढतो, कूस बदलतो आणि पुन्हा घोरायला लागतो. शेवटी तिने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि डॉक्टरसमोर धरला. फार मोठं काम केलं तिने, कारण दादाला स्वतःला यातलं काही आठवतच नसे. त्याची तक्रार वेगळी होती: सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, बीपीच्या दोन गोळ्या चालू असूनही बीपी खाली येत नाही. आणि दुपारी जेवताना भाताचा घास हातात तसाच, डोळे मिटलेले.

या आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा इतका आवळतो की श्वासाची वाटच बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडला की तो एक झटका धरतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो. असं रात्रभर. माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण गाढ झोप त्याच्या वाट्याला येतच नाही. तासाला पाचच्या वर झटके म्हणजे आजार, तीसच्या वर म्हणजे तीव्र. कोल्हापूरला एक रात्र अंगाला वायरी लावून तपासणी झाली, तेव्हा दादाचा आकडा चाळीसच्या पुढे निघाला. हा माणूस रात्री कशेडी घाटातून भरलेली गाडी नेत होता.

उपाय आहे. सीपॅप नावाचं मशीन मास्कमधून हवेचा सौम्य दाब देतं आणि घसा उघडा ठेवतं. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत जगासमोर मांडली. म्हणजे चाळीस वर्षांहून जुना उपाय, आणि आमच्या गावात कुणी नावही ऐकलेलं नव्हतं. सुरुवातीला दादा मास्क काढून फेकायचा. पावसात लाईट गेली की मशीन बंद, म्हणून इन्व्हर्टर घ्यावा लागला. खर्च झाला. पण आता तो जेवताना गप्पा मारतो, आणि बीपी आटोक्यात आलंय.

हा आजार फक्त जाड्या माणसांचा, हा समज डोक्यातून काढा. वजन आणि जाड मान यांनी धोका वाढतो हे खरं, पण जबडा लहान असेल तर बारीक माणसालाही होतो. पाळी गेल्यावर बायकांमध्येही वाढतो, आणि त्या तर "मी घोरते" हे लाजेने कबूलच करत नाहीत.

"एक पेग मारला की झोप बरी लागते" म्हणणाऱ्यांनी तर नक्की वाचा. दारूने डोळा लवकर लागतो, पण घसा आणखी सैल पडतो आणि उत्तररात्रीची झोप मोडते. झोपेच्या काही गोळ्याही अशा माणसाचा श्वास आणखी बिघडवू शकतात. अल्प्राझोलामसारखी गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असा कायदा आहे, तरी शेजारणीच्या डब्यातून मागून घेतली जाते. झोपच न येणाऱ्यांसाठी, म्हणजे आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिने हाच त्रास असेल तर, पहिला उपचार गोळी नाहीच. उठायची वेळ रोज तीच ठेवणं, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसणं, झोपेची धास्ती कमी करणं, हे शिकवणारी उपचारपद्धती आहे आणि ती लागू पडते.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. मध्यरात्री जाग येते, खोली दिसते, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. आपल्याकडे लगेच "बाहेरचं" म्हणतात, मुंजाचं नाव घेतात, गाऱ्हाणं घालतात. देवळात मीही जातो, श्रद्धेबद्दल काही म्हणणं नाही. पण स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू बंद ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातल्यासारखे धावू. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत सगळं मोकळं होतं. परीक्षेसाठी जागणाऱ्या मुलांना, रात्रपाळीवाल्यांना हे जास्त होतं. त्या पोराला आधी पुरेशी झोप द्या, भीती घालू नका. आणि रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही म्हणणाऱ्या आईला नुसतं तेल चोळत बसू नका, रक्तातलं लोह तपासून घ्या.

माझा राग मात्र रस्त्यापाशीच येऊन थांबतो. दादा इतकी वर्षं गाडी चालवतोय. लायसन्स झालं, नूतनीकरण झालं, डोळे तपासले. रात्री घोरतोस का, दिवसा पेंग येते का, हे त्याला कधीच कुणी विचारलं नाही. गणपतीत अख्खी मुंबई रात्रीच्या गाड्यांनी इथे उतरते. ट्रॅव्हल्सवाल्यांनी हंगामाआधी आपल्या ड्रायव्हरांची ही तपासणी करून घ्यावी आणि तिचा खर्चही त्यांनीच करावा. तपासणीत आजार निघाला म्हणून कुणाची नोकरी जाता कामा नये, नाहीतर एकही ड्रायव्हर खरं सांगणार नाही. घरच्यांनी तोवर एवढं करा: रात्री मोबाइल काढा, पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि डॉक्टरला दाखवा.