पोस्टडॉक हवी? आधी तीन सर गाठा

विज्ञानाच्या इतिहासात पीएच.डी. झाली? अभिनंदन. आता पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, युरोपातल्या फेलोशिपला अर्ज टाका. एका पोर्टलने नुकतीच शिफारसपत्रं गिळली, त्या पुण्याईवर हा सल्ला फुकट.

विषय '१८९७चा मुंबईतला प्लेग आणि हाफकिनची लस' एवढाच ठेवू नका. त्याला साम्राज्य, हवामान आणि निदान दोन खंड जोडा. मोडी वाचता येते हे शेवटच्या पानावर टाका, परीक्षकांना तो छंद वाटतो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषाचा, म्हणजे खगोलशास्त्राचा, इतिहास मराठीत प्रसिद्ध केला. आज ते 'पीएच.डी.ची तारीख' या रकान्यातच अडकले असते.

युरोपीय संघाची मारी क्युरी फेलोशिप? पीएच.डी.ला आठ वर्षं उलटलेली नकोत, व्हायवा (प्रबंधाची तोंडी परीक्षा) अर्जाच्या मुदतीआधी झालेली हवी, आणि यजमान देशात गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त मुक्काम नको. दीड वर्ष जर्मनीत दफ्तरं चाळलीत? मग जर्मनी सोडून कुठेही जा.

लग्न, मूल, आईवडिलांची आजारपणं: नंतर बघू.

आता बाकीच्या फेलोशिपांना लागणारी शिफारसपत्रं. तीन, अर्जासोबतच. सरांना लिंक जाते, ती स्पॅममध्ये पडते. पोर्टलला संस्थेचाच ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. सर निवृत्त, विद्यापीठाचा मेलबॉक्स कधीच बंद. मुदत रात्री बाराची, पण बर्लिनच्या. हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेचार. त्या वेळी सत्तरीच्या माणसाला उठवून "सर, वर्ड नको, पीडीएफ" म्हणा. एक पत्र राहिलं की अर्ज 'अपूर्ण', विषय संपला. आणि हे कशासाठी? एका जागेला दोनशे अर्ज आले तर सहाशे पत्रं. मुलाखतीला बोलावणार आठ जणांना, म्हणजे पावणेसहाशे पत्रं लिहिली ती कचऱ्यासाठी!

बास झाली थट्टा. निवड समितीतल्या विद्वानांनो, विज्ञानात कुणाचे श्रम झाकले जातात, कुणाला दाराबाहेर ठेवतात, यावर तुमची अख्खी कारकीर्द उभी आहे. स्वतःचा फॉर्म एकदा नागपूरहून भरून बघा की! सुरुवातीला सीव्ही, प्रस्ताव आणि प्रबंधातलं एक प्रकरण पुरे. पत्रं शेवटच्या आठांचीच मागा. जीमेल चालू द्या. आणि पाच महिन्यांनी 'अर्ज फारच दर्जेदार होते' असलं गुळमुळीत पाठवण्याऐवजी कुठल्या चाळणीत गळलो ते एका ओळीत लिहा. पुढच्या खेपेला प्रस्ताव बदलायचा की विषयच, हे तेवढ्यावरून ठरवता येतं.