‘पासवर्ड आहे ना, मग कसली भीती?’ : अ‍ॅडमिनरबद्दलच्या एका फिरत्या सल्ल्याचा समाचार

वेबसाइट बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो. शब्द बदलतात, सार तेच: “अ‍ॅडमिनर खुशाल सर्व्हरवर ठेवा. डेटाबेसचा पासवर्ड माहीत असल्याशिवाय कोणाला काही दिसत नाही. डेटाबेस लोकलहोस्टवर असेल तर प्रश्नच नाही. तरी धाकधूक वाटली तर फाइलचं नाव बदला. ते सीव्हीई वगैरे जुनं झालं. फारच वाटलं तर नवी फाइल टाका, विषय संपला.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लोकलहोस्ट म्हणजे वेबसाइट चालते तेच मशिन, सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीला मिळणारा क्रमांक, आणि अ‍ॅडमिनर म्हणजे ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं, हवं तर बदलायचं साधन. चेक प्रोग्रामर याकुब व्राना यांनी ते २००७ मध्ये सुरू केलं, तेव्हा नाव पीएचपीमिनअ‍ॅडमिन होतं. अख्खं सॉफ्टवेअर पीएचपी या वेबच्या भाषेतल्या एका फाइलमध्ये मावतं. फाइल चढवली, पत्ता उघडला, काम सुरू. मला ते आवडतं, म्हणून माझं भांडण अ‍ॅडमिनरशी नाही, वरच्या सल्ल्याशी आहे. त्यातलं एकेक वाक्य घेऊ.

“पासवर्ड माहीत असल्याशिवाय काही दिसत नाही.”

हे वाक्य इतकं पटण्यासारखं आहे की बाकीचा सगळा सल्ला त्याच्याच जोरावर उभा राहतो. म्हणून इथं जरा थांबावं लागेल.

अ‍ॅडमिनरचं लॉगिन पान नीट पाहा. डेटाबेसचा प्रकार, सर्व्हर, वापरकर्ता, पासवर्ड आणि डेटाबेसचं नाव, असे रकाने असतात. आपली नजर पासवर्डवर जाते. खरी गोम ‘सर्व्हर’ या रकान्यात आहे. अ‍ॅडमिनरकडे स्वतःचे वापरकर्ते नाहीत, स्वतःचा पासवर्डही नाही. तुम्ही ज्या सर्व्हरचं नाव टाकाल त्याला ते जाऊन विचारतं, ‘हा माणूस तुझ्या ओळखीचा आहे का?’ आता हल्लेखोरानं तिथं स्वतःच्याच सर्व्हरचा पत्ता टाकला तर? सोसायटीच्या वॉचमननं पाहुण्याची खात्री करायला त्या पाहुण्यानंच दिलेल्या नंबरवर फोन लावावा, तसा हा प्रकार. पलीकडून ‘हो, ओळखतो, सोडा आत’ असंच उत्तर येणार.

‘मग काय झालं? त्याला त्याचाच डेटाबेस दिसेल,’ असं कोणी म्हणेल. इथं मायएसक्यूएल या डेटाबेसची एक जुनी सोय आडवी येते. ‘लोड डेटा लोकल इनफाइल’ ही आज्ञा क्लायंटच्या, म्हणजे डेटाबेसला जोडणाऱ्या प्रोग्रामच्या, मशिनवरची फाइल उचलून टेबलात भरते. पण त्यात कोणती फाइल हवी हे क्लायंटला प्रत्यक्षात सर्व्हर सांगतो. प्रामाणिक सर्व्हर आज्ञेतलीच फाइल मागतो. मुद्दाम बिघडवलेला सर्व्हर कुठल्याही साध्या क्वेरीच्या उत्तरात ‘आधी अमुक फाइल पाठव’ असं म्हणू शकतो, आणि क्लायंटमध्ये ही सोय चालू असेल तर तो निमूट पाठवतो. ही कोणाची अलीकडची करामत नव्हे. मायएसक्यूएलच्या अधिकृत पुस्तिकेतच हा धोका लिहून ठेवला आहे.

इथं क्लायंट कोण? हल्लेखोराचा लॅपटॉप नव्हे. क्लायंट म्हणजे तुमच्या वेब सर्व्हरवर चालणारं पीएचपी. म्हणजे फाइल जाते ती तुमच्या सर्व्हरवरची.

डच सुरक्षा संशोधक विलेम द ग्रूट यांनी जानेवारी २०१९ मध्ये हेच उघड केलं. ऑनलाइन दुकानांतून कार्डांचे तपशील चोरणाऱ्या मेजकार्ट टोळ्या साइटवर पडून राहिलेलं अ‍ॅडमिनर शोधत, ते स्वतःच्या मायएसक्यूएल सर्व्हरला जोडत आणि मॅजेंटो या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या दुकानाची ‘लोकल डॉट एक्सएमएल’ ही फाइल ओढून घेत. त्या फाइलमध्ये काय असतं? दुकानाच्या डेटाबेसचा पासवर्ड. तो मिळाला की त्याच पानावर परत यायचं आणि या वेळी खऱ्या मालकासारखं रीतसर लॉगिन करायचं. थोडक्यात, पासवर्ड माहीत नसला तर अ‍ॅडमिनरच तो मिळवून देत होतं.

द ग्रूट यांच्या माहितीनुसार ४.३.१ ते ४.६.२ या आवृत्त्यांत हे चालत होतं. जून २०१८ च्या ४.६.३ मध्ये हे छिद्र बुजलं. पीएचपीनंही २०१९ मध्ये ७.२.१६ आणि ७.३.३ पासून ‘मायएसक्यूएलआय’ या मायएसक्यूएलशी बोलणाऱ्या आपल्या भागातली ही सोय मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे नव्या पीएचपीवर हा मार्ग बराच अरुंद झाला आहे, हे मान्य. पण जिथं ४.६.२ किंवा त्याआधीची अ‍ॅडमिनर फाइल पडून आहे, तिथं पीएचपी मात्र ताजं असेल, यावर मी तरी पैज लावणार नाही.

“डेटाबेस लोकलहोस्टवर आहे, फायरवॉल आहे.”

मायएसक्यूएलचा ३३०६ हा पोर्ट बाहेरून बंद ठेवणं चांगलंच, ठेवाच. पण अ‍ॅडमिनर त्या फायरवॉलच्या आत बसलेलं आहे आणि बाहेरच्या कोणाहीशी ४४३ या वेबच्या पोर्टवरून बोलतंय. पोर्ट बंद करून जे दार लावलं, त्याला या फाइलनं पुन्हा वाट काढून दिली.

आणि आत फक्त डेटाबेसच असतो असं नाही. सीव्हीई-२०२१-२१३११ ही दुसरी त्रुटी याच गोष्टीवर उभी आहे. वेगवेगळ्या डेटाबेसशी बोलणारे सगळे भाग, म्हणजे ड्रायव्हर, असलेल्या अ‍ॅडमिनरच्या फाइलमध्ये इलास्टिकसर्च या शोधाच्या सर्व्हरशी बोलायचीही सोय होती. हे बोलणं एचटीटीपीवरून चालतं. हल्लेखोर सर्व्हरच्या रकान्यात स्वतःचा पत्ता टाकतो, त्याचं मशिन ‘मी इथं नाही, तिकडं जा’ असं सांगून १६९.२५४.१६९.२५४ कडे वळवतं, अ‍ॅडमिनर आज्ञाधारकपणे तिकडं जातं, आणि जे उत्तर मिळतं ते ‘त्रुटी’ म्हणून पानावर छापून दाखवतं. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर हा पत्ता मेटाडेटा सेवेचा, म्हणजे मशिनला तिची स्वतःची माहिती देणाऱ्या सेवेचा. तिच्या जुन्या पद्धतीत साध्या विनंतीवर त्या मशिनच्या तात्पुरत्या किल्ल्या मिळतात. मँडियंट या कंपनीनं मे २०२२ मध्ये लिहिलं की यूएनसी-२९०३ असं नाव दिलेला गट नेमकं हेच करत होता: अ‍ॅडमिनरमधून किल्ल्या काढायच्या आणि त्या वापरून क्लाउडमधल्या साठ्यात शिरायचं. म्हणजे डेटाबेस लोकलहोस्टवर सुखरूप राहिला, आणि बॅकअप गेले.

एक गोष्ट सल्ला देणाऱ्यांच्या बाजूनं सांगायला हवी. फक्त मायएसक्यूएलपुरती बनवलेली अ‍ॅडमिनरची छोटी फाइल वापरत असाल, तर या दुसऱ्या त्रुटीचा तुम्हाला त्रास नव्हता, कारण तो ड्रायव्हरच तिच्यात नाही. ४.७.९ मध्ये ती सगळ्यांसाठीच दुरुस्त झाली.

“फाइलचं नाव बदला.”

रोज उठून नेहमीची नावं चाचपणारे बॉट यानं चुकतील, एवढंच. तोटा मात्र घरच्यांचा होतो. पुढच्या वर्षी दुसरा डेव्हलपर ‘अ‍ॅडमिनर’ नावाच्या फाइली शोधायला बसतो, त्याला ‘टेस्ट-जुना-२’ या नावाची फाइल सापडत नाही, आणि तो निश्चिंत मनानं ‘आमच्याकडे नाही’ असं कळवून मोकळा होतो.

“सीव्हीई जुने आहेत.”

तारखाच पाहू. फाइलचोरीची त्रुटी दुरुस्त झाली जून २०१८ मध्ये. चोरांनी ती वापरल्याचं जाहीर झालं जानेवारी २०१९ मध्ये. तिला सीव्हीई-२०२१-४३००८ हा क्रमांक मात्र २०२१ च्या मालिकेतला मिळाला. मधल्या काळात जो माणूस फक्त सीव्हीईच्या यादीवर विसंबून होता, त्याच्या दृष्टीनं ही त्रुटी अस्तित्वातच नव्हती.

दुसरीचं उलट. ती फेब्रुवारी २०२१ मध्ये क्रमांकासह जाहीर झाली, दुरुस्तीही तेव्हाच आली. अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर संस्थेनं तिला ‘प्रत्यक्ष वापरात असलेल्या त्रुटीं’च्या यादीत घातलं ते सप्टेंबर २०२५ मध्ये. साडेचार वर्षं जुनी त्रुटी आणि ती अजून कामाला येते, कारण जुन्या फाइली जागच्या जागी आहेत. त्रुटी जुनी झाली म्हणून बाद होत नाही, फाइल काढली म्हणजे होते.

याच संदर्भात कोणीतरी हमखास म्हणतं, ‘आम्ही पीएचपीमायअ‍ॅडमिन वापरतो, आम्हाला काय त्याचं?’ तेही अ‍ॅडमिनरसारखंच साधन, आणि हाच बनावट मायएसक्यूएल सर्व्हरचा डाव तिथंही चालत होता. सीव्हीई-२०१९-६७९९, दुरुस्ती ४.८.५ मध्ये, जानेवारी २०१९. फरक एवढाच की तिथं कुठल्याही सर्व्हरला जोडायची मुभा मुळात बंद असते, ती कोणी चालू केली असेल तरच फटका. मुळात बंद, ही गोष्ट लहान वाटते, पण संकट टळतं ते बहुतेक वेळा अशा गोष्टीनंच. अ‍ॅडमिनरलाही असं बांधून ठेवता येतं. ठरावीक सर्व्हर सोडून दुसरा निवडू न देणारं, ठरावीक आयपीवरूनच लॉगिन होऊ देणारं, ओटीपी मागणारं, अशी तिन्ही प्रकारची प्लगिन त्याच्यासोबत मिळतात. पण ती वापरायला एक छोटी वेगळी पीएचपी फाइल लिहावी लागते, आणि ‘एक फाइल टाकली की झालं’ याच कौतुकापायी आलेला माणूस ती लिहीत नाही.

“नवी फाइल टाका, विषय संपला.”

नवी फाइल टाकाच. पण अ‍ॅडमिनरचं ‘पॅचिंग’ म्हणजे हातानं फाइल बदलणं, ती स्वतःहून बदलत नाही. शिवाय नवी फाइल बहुधा जुनीच्या शेजारी जाऊन बसते, कारण डाउनलोडच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. मग ४.६.२ ही जिवंत, नवीही जिवंत. म्हणून आधी सगळ्या प्रती शोधा, आणि नावावरून शोधू नका. फाइलच्या सुरुवातीच्या टिपणीत अ‍ॅडमिनरच्या साइटचा पत्ता, व्राना यांचं नाव आणि आवृत्ती असते. ‘ग्रेप’ या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेनं सर्व वेब फोल्डरांत तो पत्ता शोधला की नाव बदललेल्या फाइलीही हाती लागतात. जुने बॅकअप वेबच्या मुख्य फोल्डरमध्येच ठेवले असतील तर तेही त्यात धरा.

रोज लागत नसेल तर प्रत ठेवूच नका. लागलीच तर वेब सर्व्हरच्या पातळीवर वेगळा पासवर्ड किंवा आयपीची अट घाला, किंवा एसएसएच बोगद्यातून, म्हणजे सर्व्हरशी कूटबद्ध जोडणी करून, स्वतःच्या मशिनवरूनच डेटाबेस बघा. क्लाउडवर असाल तर मेटाडेटा सेवेची जुनी पद्धत बंद करून टोकन मागणारी दुसरी आवृत्ती सक्तीची करा.

आणि त्रुटी असलेली फाइल बाहेरून उघडी होती असं आढळलं, तर फाइल बदलून भागत नाही. त्या सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाइलींत जे पासवर्ड, ज्या किल्ल्या लिहिल्या होत्या, त्या सगळ्या गेल्या असं धरून बदला. खरंच गेल्या का, हे वेब सर्व्हरच्या नोंदींत बऱ्याचदा दिसतं. अ‍ॅडमिनर जोडलेल्या सर्व्हरचा पत्ता स्वतःच्या यूआरएलमध्येच लिहितं, मायएसक्यूएलसाठी ‘सर्व्हर’ या नावानं आणि इलास्टिकसर्चसाठी ‘इलास्टिक’ या नावानं. तिथं लोकलहोस्ट सोडून अनोळखी आयपी दिसला, तर त्या ओळीची तारीख टिपून घ्या आणि पुढच्या नोंदी तिथून वाचायला लागा.