डिंकाच्या लाडवावर भागत नाही

‘वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्या बाईने दिवस गेल्यावर गोळ्यांच्या मागे लागू नये. डिंकाचे लाडू, खजूर, पालेभाजी भरपूर खावी, सगळं भरून निघतं. फार तर सरकारी लाल गोळी पुरते. उलट्या सगळ्यांनाच होतात.’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. माझ्या वहिनीचं असंच ऑपरेशन झालं आहे, जठराची बायपास (हृदयाची नव्हे), तिला पाचवा महिना आहे, आणि तिला हा तिघींनी पाठवला. म्हणून लिहिते.

‘भरपूर खावी.’ वहिनीचं जेवण म्हणजे अर्धी पोळी आणि छोटी वाटी वरण. पुढचा घास उतरतच नाही. आणि खाल्लेलं तरी अंगी कुठे लागतं? बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं, आणि लोह मुख्यतः तिथेच शोषलं जातं. बी-१२ जीवनसत्त्व शोषायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं, तेही नीट मिळत नाही. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये अन्नाची वाट नेहमीचीच राहते, पण जठराचा बराचसा भाग काढलेला असतो, म्हणून कमतरता तिथेही होते. त्यात आमचं घर शाकाहारी.

लाडवाचं म्हणाल, तर आईने प्रेमाने दिलेला एक तिने खाल्ला. वीस मिनिटांत दरदरून घाम, धडधड, जुलाब. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं. म्हणूनच ग्लुकोज पाजून करायची साखरेची तपासणी अशा बाईला सहसा करत नाहीत. त्याऐवजी आठवडाभर घरीच बोट टोचून साखर बघतात.

‘सरकारी लाल गोळी पुरते.’ ती चांगलीच आहे, पण तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. नुसत्या फोलिक ॲसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

‘उलट्या सगळ्यांनाच होतात.’ हे वाचून मला खरंच भीती वाटली. सतत उलट्या झाल्या तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१, काही आठवड्यांतच संपतं. मग एकाचे दोन दिसतात, तोल जातो, बाई गोंधळते. दवाखान्यात सलाईन लावण्याआधी ऑपरेशनचं आवर्जून सांगा. सलाईनमधून ग्लुकोज देणार असतील तर त्याआधी थायमिन द्यावं लागतं.

मनाने गोळ्या वाढवणंही चूकच. रेटिनॉल स्वरूपातलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, म्हणून गरोदरपणात ते बीटा-कॅरोटिनच्या रूपात देतात.

वहिनी सकाळी लोहाची गोळी घेते, कॅल्शियमची दुपारी, कारण एकत्र घेतल्या तर लोह कमी शोषलं जातं. दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व तपासतात. गेल्या वेळी फेरिटिन खाली आलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी शिरेतून लोह दिलं.