सरावाचा वावळा

बोन्साय शिकायचं तर हात एल्मवर बसवावा, असं जाणकार सांगतात. एल्म चिवट असतं, चुका पोटात घालतं आणि गेलंच तरी फार हळहळ वाटत नाही. माझ्याबद्दल मला भ्रम नाहीत. घरची तुळस माझ्या हातून दोनदा गेली आहे. त्यामुळे ‘मेलं तरी चालेल असं झाड’ ही कल्पनाच मला फार आवडली. नर्सरीत गेलो. तिथे एक चायनीज एल्म होतं, टीचभर. किंमत ऐकली आणि हे मेलेलं अजिबात चालणार नाही हे लक्षात आलं. मोगरा घेऊन परत आलो.

मग कळलं की आपल्याकडेही एक एल्म आहे. इंडियन एल्म, शास्त्रीय नाव होलोप्टेलिया इंटिग्रिफोलिया. एवढं भारदस्त नाव म्हणजे झाड हिमालयात वगैरे असणार. फोटो उघडला तर आमच्या फाटकाबाहेरचा वावळा! चैत्रात ज्याचे गोल पापडे उडून वायपरखाली, कुलरमध्ये आणि वर्षातून एकदा तरी माझ्या चहात पडतात, तोच. लहानपणी आम्ही हे पापडे तळहातावर चोळून आतलं बी खायचो. त्या नर्सरीतल्या टीचभर राजपुत्राचा हा आमचा पुणेरी भाऊबंद निघेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर जरा मान देऊन खाल्लं असतं.

रानातून काढून आणलेल्या झाडाला जपानीत ‘यामादोरी’ म्हणतात. तिकडची माणसं कड्याकपारीतून, वाऱ्याने पिळवटलेली म्हातारी झाडं उतरवून आणायची. मी पार्किंगमध्ये उतरलो. टेकडीवर खणायचं तर वनखात्याशी गाठ, आणि मुळात गरजच नव्हती. पंपाच्या खोलीमागे, कुंपणाच्या भिंतीत, ड्रेनेजच्या झाकणाशेजारी वावळे माजले होते. दरवर्षी कोयत्याने उडवल्यामुळे काहींचे बुंधे तर अंगठ्याएवढे जाड झाले होते. बोन्सायवाल्यांच्या लेखी हा खजिना. सेक्रेटरींकडे परवानगी मागितली तर म्हणाले, “सगळीच न्या की!”

पहिल्या पावसाने जमीन मऊ झाल्यावर एका रविवारी खुरपं घेऊन बसलो. वर वीतभर झाड, खाली सोटमूळ. हातभर खणलं, मूळ खालीच चाललेलं. आणखी हातभर खणलं, तरी तेच. वॉचमनकाका छत्री घेऊन येऊन उभे राहिले.

“सायेब, काय हरवलंय का?”

“नाही हो, झाड काढतोय.”

त्यांनी झाडाकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. अर्ध्या तासाने पुन्हा आले. “खाली पाइपलाइन हाय, तेवढं बघा.”

शेवटी सोटमूळ तोडलं. तीन झाडं हाती आली. चौथ्याला भिंतीने सोडलं नाही.

बोन्सायच्या कुंडीत आपण समजतो तसली माती नसते, हा पुढचा धक्का. पाणी झरझर निघून जायला हवं, म्हणून दाणे लागतात. जपानात ‘अकादामा’ नावाची दाणेदार माती वापरतात. आपल्याकडे फुटक्या विटा. त्या आणल्या, खलबत्त्यात कुटल्या. मग चाळणं आलं. भुकटी नको, वाटाण्याएवढे खडे नकोत, मधलेच दाणे हवेत; म्हणजे चाळण्या दोन लागणार. घरात दोनच होत्या. पुढचं सविस्तर लिहीत नाही. त्या आठवड्यातल्या पोळ्यांना जी लाली होती, ती तव्याची नव्हती एवढंच सांगतो.

झाडं लागली. पानं फुटली, आणि केवढी फुटली! वावळ्याचं पान आठ ते तेरा सेंटीमीटर लांब होतं. वीतभर झाडावर तसली पानं म्हणजे मुंजीतल्या बटूला आजोबांचं धोतर. यावर उपाय असा की जोमात असलेल्या झाडाची सगळी पानं देठ ठेवून कापायची, म्हणजे नवी लहान येतात. कापली. आता वावळ्याचं पान चुरगळलं की जो वास सुटतो, तो मी विसरलो होतो. आतून बायकोचा आवाज आला, “अरे, गॅस चालू राहिलाय का?” मी कात्री हातात धरून, अत्यंत निरागस चेहऱ्याने, तिच्याबरोबर शेगडी, नळी आणि सिलिंडर तपासला. रेग्युलेटर दोनदा काढून लावला.

वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये एक जपानी पाइन आहे. 1625 पासून तो कुंडीत वाढतोय असं सांगतात. 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो तिथून तीनेक किलोमीटरवर, यामाकी घराण्याच्या बागेत होता. वाचला. 1976 मध्ये त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला. ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांनाच!

माझ्या तीन झाडांपैकी एक, आम्ही चार दिवस रत्नागिरीला लग्नाला गेलो तेवढ्यात गेलं.

म्हणजे गेलं असावं. झाड जिवंत आहे का हे बघायला साल नखाने जरा खरवडतात; आत हिरवं दिसलं की जिवंत. मी रोज सकाळी खरवडून खात्री करत होतो. पंधरवड्यात खरवडायला साल उरली नाही.

दुसऱ्याला वळण द्यायला तांब्याची तार गुंडाळली आणि दिवाळीच्या गडबडीत विसरलो. झाड जाड झालं, तार रुतली. सोडवली तेव्हा बुंध्यावर व्यवस्थित आटे पडले होते. फिरवून भिंतीत बसवता येईल असं झाड पुण्यात बहुधा माझ्याकडेच आहे.

राहिला तिसरा. याचा बुंधा मस्त, मुळं चहूबाजूंनी पसरलेली. उंची मात्र हातभर, सरळसोट. ढोबळ नियम असा की बुंध्याच्या जाडीच्या सहापट उंची असावी. दोन सेंटीमीटर जाडी, म्हणजे बारा सेंटीमीटर. बाकीचं उडवायचं. फेब्रुवारीअखेर, पानं झडलेली असताना, नव्या पालवीच्या आत. मी कागदावर पेन्सिलीने तीन आराखडे काढले. बुंध्याला खडूने खूण केली. दुसऱ्या दिवशी पुसून थोडी वर केली. सरावाचंच झाड, कापायचं म्हणूनच आणलेलं. पण रोज कात्री घेऊन गॅलरीत जायचो आणि मोगऱ्याची वाळकी पानं काढून परत यायचो. असे तीन आठवडे गेले. खूण सरकत सरकत शेंड्याला पोचली होती.

त्यात गावाहून आई आली. एका संध्याकाळी ऑफिसमधून येऊन बघतो तर वावळा खालच्या चार बोटांएवढाच उरलेला. वरचा भाग केराच्या डब्यात.

“आई! हे कुणी केलं?”

“मी. वाळत घातलेल्या साडीला अडकत होतं. एक सूत निघालं बघ.”

“अगं पण कशाने?”

“नारळाचा कोयता होता की.”

मी जवळ जाऊन पाहिलं. काप एकाच घावाचा, स्वच्छ, कुठे साल फाटलेली नाही. बरोबर एका बारीक डोळ्याच्या वर, आणि तिरका.

“तिरका का मारलास?”

“पाणी साचलं तर कुजेल ना,” आई म्हणाली, आणि साडीची घडी घालत आत गेली.

अठराव्या दिवशी त्या कापाखाली पाच कोंब फुटले. बारीक, पोपटी, अगदी हवे तिथे.

आटेवाल्या झाडाची कुंडी मी आता दोरीखाली सरकवून ठेवली आहे. जरा उंची कमी पडत होती, म्हणून खाली दोन विटा दिल्यात.