सर्वांना पहिला नंबर द्या!

व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून गोठला, की समजावं, ॲक्सेस पॉइंटच्या, म्हणजे वायफाय देणाऱ्या डब्याच्या, क्यूओएस पानावर जायची वेळ झाली. कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची, ते इथे ठरतं. हे पान 'ॲडव्हान्स्ड' विभागात खोल दडवलेलं असतं; कुणी तिकडे फिरकू नये म्हणूनच. तुम्ही जा. आणि जाताना आधीचे आकडे लिहून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

प्रथम दिसेल ती डब्ल्यूएमएमची, म्हणजे वायफायवर कुणाला आधी सोडायचं ते बघणाऱ्या सोयीची, चौकट. तिथे टिक असेल, ती काढा. ८०२.११एन ही वायफायची एक पिढी; तिचे आणि तिच्या पुढच्या पिढ्यांचे वेगवान दर डब्ल्यूएमएम चालू असेल तरच मिळतात, त्यामुळे टिक निघताच उपकरणं जुन्या ५४ मेगाबिटवर येऊन बसतात. मग दोन दिवस अँटेना इकडून तिकडे वळवून पाहा. मन भरलं की टिक परत लावा, कारण पुढची मजा तिच्याशिवाय नाही.

डब्ल्यूएमएम सगळ्या पॅकेटांच्या, म्हणजे डेटाच्या तुकड्यांच्या, चार रांगा करतं: आवाज, व्हिडिओ, बेस्ट एफर्ट (सर्वसाधारण) आणि बॅकग्राउंड (बिनघाईचं). चॅनल एकच, एका वेळी एकानंच बोलायचं. म्हणून आधी ठरावीक स्लॉट गप्प राहायचं, हा झाला एआयएफएसएन. मग शून्य ते सीडब्ल्यू मिन यांतला एक आकडा मनात धरून तो उलटा मोजायचा आणि शून्यावर आलं की बोलायचं. आवाजाला हा सीडब्ल्यू मिन ३ असतो, व्हिडिओला ७, बाकी दोघांना १५. ज्याची मर्यादा लहान, त्याचा नंबर बहुतेक वेळा आधी. बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. हमी इथे कुणालाच नाही.

इतका भेदभाव तुमच्यासारख्या न्यायप्रिय माणसाला कसा पटावा? चारही ओळींत ३ लिहा. पाच उपकरणं एकदम बोलायला निघाली आणि आकडे मात्र शून्य ते तीन असे चारच, म्हणजे कुणीतरी दोघं एकच आकडा धरणार आणि एकमेकांवर आदळणार. आदळल्यावर मर्यादा दुप्पट होते, पण ती कुठवर वाढू द्यायची तो आकडा, सीडब्ल्यू मॅक्स, तोही आवाजाचाच, म्हणजे ७, ठेवलात तर ती ३ वरून ७ वर जाऊन तिथेच अडते. मूळ मांडणीत बॅकग्राउंडला १०२३ पर्यंत मागे सरकायची मुभा होती, म्हणून तर गर्दी पांगायची. आता कुणीच मागे सरत नाही. समता प्रस्थापित झाली; कॉल तेवढा तुटला.

शेजारी टीएक्सओपीचा रकाना आहे. पाळी आल्यावर किती वेळ हवा अडवून धरायची, ते इथे ठरतं. आवाजाला ४७, व्हिडिओला ९४. हे एकक ३२ मायक्रोसेकंदांचं, म्हणजे अनुक्रमे १५०४ आणि ३००८ मायक्रोसेकंद. काही उपकरणांत मात्र रकाना थेट मायक्रोसेकंदांत असतो. एकक वाचायला थांबू नका, ४७ ठोका आणि पुढे चला.

एकाच पानावर बहुधा दोन तक्ते असतात. एक ॲक्सेस पॉइंटकडून उपकरणांकडे जाणाऱ्या पॅकेटांचा, दुसरा उपकरणांकडून येणाऱ्यांचा. तुम्ही पहिलाच बदला. तुमचा आवाज दुसऱ्यातून जातो, पण तो ऐकायचा समोरच्याला आहे, तुम्हाला थोडाच?

आता डीएससीपी, म्हणजे पॅकेटावरची चिठ्ठी. आवाजाच्या पॅकेटावर ४६ लिहितात. बायनरीत ते १०१११०. पुष्कळ उपकरणं यातले पहिले तीन बिट तेवढे बघतात; १०१ म्हणजे ५, आणि ५ ची रांग व्हिडिओची. आवाजाची रांग ६ आणि ७ ला. म्हणून आरएफसी ८३२५ या २०१८ च्या इंटरनेट-मानकात ४६ ला थेट ६ वर नेण्याची शिफारस आहे. ॲक्सेस पॉइंटमध्ये डीएससीपी मॅपिंगचा तक्ता असेल तर हे काम एका ओळीचं, म्हणूनच ते करू नका. कित्येक ॲप्स चिठ्ठी लावतच नाहीत, त्यांची पॅकेटं बेस्ट एफर्टमध्ये जातात. तरी रांगांचे आकडे बदलून त्यांचं भलं होईल ही आशा सोडू नका.

'नो ॲकनॉलेजमेंट' असा पर्याय दिसला तर तो जरूर निवडा. पोचपावती बंद झाली की हवेत हरवलेलं पॅकेट वायफाय पुन्हा पाठवत नाही. टीसीपीला, म्हणजे डेटा पोचला का ते बघणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेला, वाटतं वाट तुंबली, ते वेग आणखी उतरवतं. नावावरून मात्र काहीतरी कटकट कमी होईल असं वाटतं.

खरी गोम बहुतेकदा हवेत नसते, इंटरनेटच्या तारेत असते. मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे पॅकेटं थांबतात त्या जागेत, एक मेगाबाइट साचलं आणि अपलोड १० मेगाबिट असेल, तर रांगेच्या शेवटी उभ्या पॅकेटाला ०.८ सेकंद थांबावं लागतं. फोटोंचा बॅकअप चालू असताना कॉल अडखळतो तो असा. यावर उपाय राउटरमध्ये आहे: तारेवर मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के मर्यादा घालायची आणि केक किंवा एफक्यू-कोडेल ही रांग आखूड ठेवणारी सोय चालू करायची, म्हणजे रांग मोडेमऐवजी राउटरच्या ताब्यात येते. तुम्ही ॲक्सेस पॉइंटच घासत राहा. जखम मांडीला, मलम शेंडीला. राउटरच्या रकान्यात आकडा घालायचाच झाला तर करारातला घाला, मोजलेला नको.

चाचणी मध्यरात्री घ्या, ॲक्सेस पॉइंटला खेटून, बाकी सगळं बंद ठेवून. एकीकडे मोठी फाइल अपलोडला लावून दुसरीकडे पिंगचे, म्हणजे हाकेला ओ यायला लागणारे, मिलिसेकंद बघत बसणं हे रिकामटेकड्यांचं काम.

एवढं करून घरात ओरड सुरू झाली, की रीसेटचं बटण दाबून धरा. ३, ७, १५, १५ हे आकडे मुकाट्यानं परत येतील. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड जातील ते वेगळं. ते तरी कुठे लिहून ठेवले होते?