बंदुकीआधी पोचलेली पुस्तकं

नमस्कार. 'गोवेकराला धर्मप्रसार शिकवू नका. पुढे तलवार, मागे पाद्री, आणि बाटलेले सगळे परक्यांचे एजंट, जगभर हेच झालं,' असं तुम्ही माझ्या धर्मप्रसारावरच्या लेखाला उत्तर म्हणून लिहिलंय. गोव्यापुरतं मान्य. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळं पाडली, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड हुडकून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलं ते मधली थोडी वर्षं सोडता १८१२ पर्यंत. लेखात मी हे एका वाक्यात उरकलं, ती माझी चूक.

अडतं ते तुमच्या 'जगभर'पाशी. कोरियाचं काय करायचं?

तिथे पाद्र्याआधी पुस्तकं पोचली. जोसॉन राज्याची, म्हणजे तेव्हाच्या कोरियाची, शिष्टमंडळं पेकिंगला (आजच्या बीजिंगला) जायची, येताना जेझुइट या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांचे चिनी ग्रंथ आणायची. ते वाचून काही तरुण कन्फ्युशियन पंडितांत चर्चा झडू लागल्या. त्यांतला यी सुंग-हुन १७८४ मध्ये पेकिंगला बाप्तिस्मा घेऊन परतला आणि कोरियात मित्रांना त्यानेच बाप्तिस्मा दिला. पुढे तर या मंडळींनी आपसांतच पाद्री नेमून टाकले! असं चालत नाही, हे पेकिंगहून कळल्यावर थांबले. चाऊ वेन-मो हा चिनी पाद्री १७९४ च्या अखेरीस चोरून सरहद्द ओलांडून आला, तोवर तिथे सुमारे ४,००० ख्रिस्ती झालेले होते.

तलवार होती, पण दरबाराच्या हातात. ख्रिस्ती झालेल्या यून जी-चुंगने पूर्वजांच्या नावाच्या पाट्या जाळल्या, आई गेल्यावर रीतीप्रमाणे विधी केले नाहीत. १७९१ मध्ये त्याचं डोकं उडवलं. आपल्याकडे कुणी देवघरातले टाक वितळवून आईचं श्राद्ध नाकारलं तर भावकी काय करेल? त्यामुळे दरबाराचा संताप मला अगदीच अनाकलनीय वाटत नाही.

आता तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. ख्रिस्ती लोकांच्या १८०१ च्या छळात लपून बसलेल्या ह्वांग सा-योंग या ख्रिस्ती माणसाने पेकिंगच्या बिशपला रेशमी कापडावर पत्र लिहिलं: पाश्चात्त्य आरमार आणून दरबारावर दडपण टाका. पत्र पकडलं गेलं, तोही मारला गेला. १८६६ मध्ये फ्रेंच पाद्री मारले गेल्यावर फ्रेंच आरमार खरंच गांघ्वा बेटावर उतरलं, लूट करून परत गेलं. त्याने धर्म वाढला नाही, उलट ख्रिस्ती लोकांवरचा संशय पक्का झाला.

आणि १९१० मध्ये कोरिया गिळला तो जपानने. १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ३३ जणांत १६ ख्रिस्ती होते. ते कुणाचे एजंट, तेवढं जरूर लिहा.